पुस्तक काढायचंय!

वर्षातून चार-पाच जण तरी मला विचारतात, "पुस्तक काढायचंय हो, काय करू?" माझी स्वतःची दोन लहानशी पुस्तकं निघाली आहेत, एवढंच माझं भांडवल. पण पनवेलसारख्या गावात तेवढ्यावर माणूस जाणकार ठरतो. (२०१६ पासून महानगरपालिका आहे, तरी आमच्या तोंडी गावच.)

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. हस्तलिखित पिशवीत घाला, लोकल पकडा, कुर्ल्याला गाडी बदला आणि दादर-गिरगावात प्रकाशकांचे जिने चढा. नाहीतर पुण्याची एसटी. मग सहा महिन्यांनी 'साभार परत'. आता उत्तर अवघड झालंय, कारण नकार देणारी माणसंच वाटेत भेटेनाशी झाली. मोबाइलवर जाहिरात येते : तुम्ही लिहा, आम्ही छापतो. पैसे भरा, लेखक व्हा!

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात मला काही कमीपणा वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ही जुनी वाट आहे. शंभर वर्षांपूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले आणि २३ खंड पुरे केले. आज याला लोक 'क्राउडफंडिंग' म्हणतात आणि काहीतरी नवीन केल्यासारखा चेहरा करतात. केतकरांनी या सगळ्या खटाटोपाची हकीकत 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुस्तक काढू पाहणाऱ्याने ते जरूर मिळवून वाचावं. पुढे १९७५ मध्ये 'ग्रंथाली' सुरू झाली तीही वाचकांनाच हाताशी धरून. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) ही पुस्तकं तिथूनच आली.

तेव्हा प्रश्न पैसे कुणी घातले हा नाही. पैसे घालून हातात काय उरलं, हा आहे.

आता हिशोब बघा. पुस्तकाची किंमत २०० रुपये. चांगल्या प्रकाशकाने १० टक्के मानधन दिलं तर प्रतीमागे २० रुपये. पाचशे प्रती विकल्या गेल्या, तर दहा हजार. तेही विकल्या गेल्या तर! दुकानदार आणि वितरक यांचं कमिशन चाळीस टक्क्यांच्या घरात जातं, म्हणून प्रकाशकावरही फार रागावण्यात अर्थ नाही. लेखनावर घर चालवायचं असेल तर मालिका लिहा, असं मी सरळ सांगतो. लोक हसतात आणि तरीही पुस्तक काढतातच. असो.

गेल्या वर्षी एक गुरुजी आले. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातल्या एका गावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्या विमानतळाचं २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गाव नकाशावरून गेलं. गुरुजींनी मात्र नऊ वह्यांमध्ये ते गाव उतरवून ठेवलंय. कुठलं घर कुणाचं, खाडीतल्या कुठल्या जागेला काय म्हणायचे, मिठागरावरची कामं, जाळ्यांचे प्रकार, आणि लग्नातले धवले. आगरी लग्नात धवलारीण जे गाते ते. त्यांची आत्या धवलारीण. नव्वदीच्या घरात आहे, अजून गाते.

त्यांच्या हातात एका कंपनीचा करार होता. (नाव लिहीत नाही, अशा पुष्कळ आहेत.) ३०० प्रतींचे ५८ हजार. त्यात 'प्रमोशन' १२ हजार, म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही. आय.एस.बी.एन. क्रमांकाचे साडेतीन हजार. हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते, फुकट देते, आणि लेखक स्वतःही ऑनलाइन अर्ज करू शकतो! लेखकाला २५ प्रती, बाकीच्या कंपनीच्या गोदामात. आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात : पुस्तकातील मजकुराचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क, जगभर, कायमचे.

गुरुजी म्हणाले, "आपल्याला काय, पुस्तक निघालं म्हणजे झालं."

मी म्हटलं, गुरुजी, उद्या तुमच्या आत्याच्या आवाजात हे धवले रेकॉर्ड करून तुम्हाला पुस्तकाबरोबर द्यायचे झाले तर? ते हक्क कुणाकडे असतील? ते गप्प बसले. बराच वेळ. मग चष्मा काढून ते कलम त्यांनी पुन्हा वाचलं.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी या कलमाने कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण २०१६ च्या अखेरीला किंडलवर मराठी आली, २०१७ मध्ये स्टोरीटेल आलं, आणि स्वयंपाक करता करता पुस्तक ऐकणारा वाचक तयार झाला. गुरुजींच्या गावातल्या ज्या बायकांनी त्या वह्यांमधली निम्मी माहिती पुरवली, त्यांच्यापैकी अनेकींना वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत हे पुस्तक पोचलं तर कानानेच पोचणार. छापील हक्कांपेक्षा आवाजाचे हक्क इथे मोठे आहेत.

कायदा खरं तर लेखकाच्या बाजूने बराच आहे, पण करारात काही लिहिलेलं नसेल तेव्हा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ काढून बघा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतेच. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क आपोआप जात नाहीत, त्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. म्हणूनच ही मंडळी 'सर्व' आणि 'कायमचे' हे दोन शब्द लिहून घेतात. त्या दोन शब्दांवर रेघ मारा आणि छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी, एवढं लिहा म्हणावं. त्यावर समोरचा कसा वागतो त्यावरून बरंच कळतं. गुरुजींनी फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "सर, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे."

फॉरमॅटवरून आठवलं. अक्षरजुळणी झाली की फाइल युनिकोडमध्ये मागून घ्या. पैसे दिलेत ना, मग फाइल तुमची. माझं पहिलं पुस्तक श्री-लिपीत बसवलेलं होतं. ती फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. धवल्यांचं तसं होऊन चालणार नाही.

तो करार झाला नाही. आता डिजिटल छपाईवर दीडशे-दोनशे प्रतीही काढता येतात, प्रतीमागे खर्च थोडा जास्त पडतो इतकंच. आम्ही इथल्याच एका छापखान्यातून दर आणला. गुरुजींनी दहावी वही केली, वर्गणीदारांची. गाव उठून करंजाडे, वडघर, वहाळ असं विखुरलंय, तिथे ते रविवारी स्कूटरवरून जातात, घराघरात बसतात, चहा घेतात, दोनशे रुपये आगाऊ घेऊन पावती देतात. मी एकदा बरोबर गेलो होतो. एका घरात म्हातारीने पैसे द्यायच्या आधी विचारलं, "आमचा उंबरा हाय ना त्याच्यात?" गुरुजींनी वही उघडून घर दाखवलं. तिने बोट ठेवून बघितलं, म्हणाली की दारात शेवग्याचं झाड होतं, ते राहिलं.

परवापर्यंत १४३ नावं झाली होती. नकाशा घडी घालून शेवटी चिकटवायचा की मधल्या दोन पानांवर छापायचा, यावर आमचा वाद चालू आहे. घडीचे प्रतीमागे अकरा रुपये जास्त पडतात. गुरुजी म्हणतात, पडू देत. शेवगा काढून झाला आहे.