कोलन वॉटरचं गाव

रोजच्या इंग्रजीत ‘कलोन’ हा शब्द येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यात शहर नसतं. पुरुषांनी लावायचं सौम्य अत्तर, एवढाच त्याचा अर्थ. मग ते न्यूयॉर्कला बनलेलं असो नाहीतर मुंबईला. शहर लिहायचं असेल तर पहिलं अक्षर मोठं आणि अत्तर लिहायचं असेल तर लहान, एवढाच भेद उरला आहे. मी राहते ते हेच शहर, जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठचं. वस्ती दहा लाखांवर, आणि मधोमध १५७ मीटर उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल. त्याचा पाया १२४८ साली घातला आणि काम पुरं झालं १८८० साली. इथली माणसं आपल्या गावाला क्योल्न म्हणतात, आणि लाडानं बोलायचं तर क्योल्ल.

मराठी घरात हे नाव फार मायेनं आलं. ताप चढला की जुन्या सुती पातळाची पट्टी फाडायची, वाटीभर पाण्यात कोलन वॉटर टाकायचं आणि कपाळावर घडी ठेवायची. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांतलं आजारपण कोलन वॉटरच्या घड्यांवाचून पुरं होत नसे. मराठवाड्यात, चितेगावला आमच्या घरी ती बाटली औषधांच्या फळीवर असे. त्यातला मद्यार्क उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटतं. लहान मुलांना अशा घड्या ठेवू नका, असं डॉक्टर आता सांगतात आणि ते ऐकलंच पाहिजे. तरी तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढणाऱ्या बायांच्या तोंडी या शहराचं नाव होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनेकींना ते शहराचं नाव आहे हेही माहीत नसेल.

हे पाणी जगभर नेलं तेही एका परगावच्या माणसानं. योहान मारिया फारिना मूळचा इटलीतला. पावसानंतरची इटलीतली वसंतातली सकाळ आठवावी असा सुगंध आपल्याला साधला आहे, असं त्यानं १७०८ साली भावाला लिहिलं होतं. भावानं १७०९ साली क्योल्नमध्ये पेढी घातली आणि पुढं योहान तिथंच आला, तिथलाच झाला. बर्गमॉट, लिंबू, संत्रं यांच्या त्या सुगंधाला त्यानं नाव मात्र जन्मगावाचं दिलं नाही, ज्या शहरानं ठाव दिला त्याचं दिलं. व्यापाराची भाषा फ्रेंच, म्हणून ‘ओ द कोलोन्य’, म्हणजे कोलोनचं पाणी. तेच इंग्रजीनं उचललं आणि इंग्रजीतून आपल्या औषधांच्या फळीवर आलं. आज दुकानांत जास्त दिसते ती ४७११ ही छाप. फ्रेंच अमलात ग्लोकनगासं या गल्लीतल्या एका घराला मिळालेला तो क्रमांक. पण घर सोडून आलेल्या माणसाला फारिनाचीच गोष्ट जवळची वाटणार, आणि मी इथं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याच्या जुन्या पेढीवर घेऊन जाते.

शहराचं नावही मुळात बाहेरून आलेलं. इसवी सन ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसनं, राणी अग्रिपिना इथं जन्मली म्हणून, या वस्तीला ‘कोलोनिया’चा, म्हणजे रोमन वसाहतीचा दर्जा दिला. त्या लांबलचक लॅटिन नावातला पहिला शब्द तेवढा टिकला. पहिल्या महायुद्धानंतर डिसेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश फौज शहरात शिरली आणि १९२६ च्या जानेवारीपर्यंत राहिली; ‘कोलोन पोस्ट’ नावाचं तिचं इंग्रजी वृत्तपत्रही इथून निघायचं. आणि याच काळात, १९१९ साली, महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या कारकिर्दीत, प्रशियानं लादलेलं ‘सी’ अक्षर काढून शहरानं आपलं नाव ‘के’नं लिहायला घेतलं. परकी फौज दारात असताना नगरपालिका एका अक्षरासाठी उभी राहते, याचं मला कौतुक आहे.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. माझ्या जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मधली. क्योल्नच्या कचेरीतल्या बाईंनी ही दोन शहरं का, असं विचारलं. मी खुलासा केला तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्या पणजोबांच्या दाखल्यावर आमचं गावही ‘सी’नंच आहे. काम झालं.

आमचं चितेगाव पैठण तालुक्यात. व्हिडिओकॉन कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यात औरंगाबाद-पैठण रस्त्यावरचा १४ किलोमीटरचा दगड होता, त्यामुळं आमच्या गावाचं नावही कागदोपत्री दूरवर गेलं. पण खरी दूर गेली ती पैठणी. प्रतिष्ठानचं पैठण झालं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं ‘पैठाना’ म्हणून ते येतं. म्हणजे क्योल्न वसाहत झालं त्याच शतकात. आज पैठणीचे कितीतरी माग येवल्यात चालतात आणि पदरावरचा मोर निवडणाऱ्या नवरीला गोदाकाठ आठवतोच असं नाही. नाव वस्तूला लागलं की वस्तू गाव सोडते. त्यात वाईट काही नाही. गाव विसरलं जाऊ नये, एवढंच.

इंग्रजीतल्या नावाबद्दल क्योल्नकरांचं भांडण नाही. त्यांचं विद्यापीठ इंग्रजीत स्वतःला ‘कलोन’चंच म्हणवतं. पण मराठीनं फ्रेंच-इंग्रजीचा वळसा का घ्यावा? इंग्रजीनंही ‘मुंबई’ लिहावं हा आग्रह आपण धरला आणि १९९५ साली तो तडीस नेला. ज्यांनी तो धरला त्यांनी दुसऱ्याच्या गावाचं नाव त्या गावाला विचारून लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या वर्तमानपत्रांत कोलोन, कलोन, अगदी ‘कोलोग्न’सुद्धा छापलेलं दिसतं. ओठ ‘ओ’सारखे गोल करून ‘ए’ म्हणायचा तो जर्मन स्वर देवनागरीत नेमका उतरत नाही, पण ‘क्योल्न’ त्याच्या बरंच जवळ जातं. म्युनिकचंही तेच, तिथली माणसं ‘म्युन्शन’ म्हणतात. बाटलीला कोलन वॉटरच म्हणत राहू, ते नाव आता आपल्या आजीपणजीचं आहे. शहराबद्दल लिहिताना मात्र या सदरात यापुढं क्योल्न.