दारात पोचलेला हेतू
कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याला जुनी माणसं अजून सुपा म्हणतात, पण सुपा नावाचं गाव आज पाण्याखाली आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहत जाऊन कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर गणेशगुडीला 101 मीटर उंचीचं धरण 1974 साली हाती घेतलं गेलं, 1987 साली पुरं झालं, आणि तालुक्याचं हे मुख्य ठाणं त्यात बुडालं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, बरीच माणसं रामनगरला वसवली गेली. वीज हवी होती, राज्य उभं करायचं होतं. या कामामागचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हेतूचं मोल हेतू बाळगणाऱ्याने ठरवायचं नसतं. तो हेतू समोरच्याच्या दारात काय होऊन पोचला, यावर ते ठरतं.

हेतूची बाजू घेणारे विचारवंत काही लहान नाहीत. सदिच्छेला यश आलं नाही तरी तिचं तेज कमी होत नाही, असं कांटने 1785 साली मांडलं. फळाची आशा धरू नकोस हे तर आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. मात्र सदिच्छा म्हणजे नुसतं चांगलं चिंतणं नव्हे, हाताशी असलेली सगळी साधनं पणाला लावणं, ही अटही कांटनेच घातली आहे. आणि गीता फळाची आशा सोडायला सांगते, काम सोडायला नाही. म्हणजे दोघांच्याही हिशेबात, जो हेतू वाटेतच थांबला त्याला पुण्याचा वाटा मिळत नाही.

कुणी म्हणेल, परिणाम आधी कुणाला दिसतात? काही दिसत नाहीत, हे खरं. पण गाव हलवलं की विहीर लागते, चराई लागते, गुरांना आणि देवाला जागा लागते, हे कळायला दूरदृष्टी कशाला हवी? शिवाय कोयनेचं उदाहरण समोर होतं. तिथली माणसं उठून दशक उलटलं होतं आणि त्यांच्या वसाहतींचे प्रश्न उघड्यावर पडले होते. महाराष्ट्राने 1976 साली धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तोही अशाच अनुभवांतून. देशभर मात्र 1894 चाच भूसंपादन कायदा चालू होता. तो जमिनीचे पैसे देई, नवं घर बसवून देण्याची जबाबदारी घेत नसे. ज्याच्या नावावर उतारा नाही त्याच्या वाट्याला काय येणार, ते सांगायलाच नको. धरणाच्या विजेने कितीतरी घरं उजळली, हेही तितकंच खरं आहे आणि त्या उजेडाची किंमत मी कमी करत नाही. पण ज्याला लाभ झाला त्याच्यावर देणं चढतं, आणि लाभ मोठा म्हणून देणं फिटत नाही.

उतारा नसण्याची गोष्ट इथे जुनी आहे. हा मुलूख 1862 ते 1956 मुंबईच्या कारभारात होता. जंगल वाचवायचं म्हणून इंग्रज सरकारने इथल्या कुणब्यांच्या कुमरी म्हणजे फिरत्या शेतीवर बंधनं आणली, आणि जी शेती करायलाच मनाई होती तिची नोंद कागदावर कशी येणार? 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं प्रस्तावनेतच कबूल केलं. यापेक्षा स्वच्छ हेतू सरकारी कागदावर क्वचित सापडेल. आता अंमल पाहा. गोव्यात कुणबी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. अनमोडचा घाट ओलांडून जोयड्यात आलं की तीच भाषा, तेच देव, तीच कोनफळं आणि कणगं लावणारी माणसं. पण इथे ती त्या यादीत नाहीत, ती मागणी करत आली आहेत. म्हणून गोव्यातल्या कुणब्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं, आणि जोयड्यातल्याला त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. कबुली एकच, पण डोंगराच्या दोन अंगांना ती दोन वेगळ्या रूपांत पोचली.

हेतूचं मोल असं दारात ठरत असेल, तर मग दयेला जागा कुठे आहे, तेही याच कायद्याच्या नियमांत सापडतं. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं निवेदन पुरावा म्हणून घ्यावं, असं 2008 च्या नियमांतला तेरावा नियम सांगतो. त्यासाठी कुणीतरी पायवाटेने वाडीवर जायला हवं, म्हाताऱ्याचं कोकणीतलं बोलणं घाई न करता ऐकायला हवं, कुठला माळ, कुठली राई, कुणाच्या आजाने कुठे नाचणी पेरली ते लिहून घ्यायला हवं. यात थोरपणाचा भाव मनात असो वा नसो, त्या घराला फरक पडत नाही. कागद फाइलीत लागला की पडतो. कुणी विचारेल, निव्वळ नोकरी म्हणून केलेल्या कामाला दया म्हणायचं का? मी म्हणेन. ते मनापासून केलं तर अधिक चांगलं, कारण मन असलेला माणूस दुसऱ्यांदाही वाडीवर जाईल.

2005 च्या मागे 75 वर्षं मोजली की 1930 साल येतं. त्या सालची शेतं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज शंभरीच्या घरात असणार. ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांनी या पावसाळ्याआधी वाड्यांवर जावं.