आपला डावा कॉर्नर बारडोलीला चाललाय

पलटण हरली. ३१-२८. शुक्रवारी ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये दबंग दिल्लीनं प्रो कबड्डीचा बारावा मोसम खिशात घातला. आपल्या मोलगीत पुणेरी पलटणचे नारिंगी टी-शर्टवाले जे काही चाहते आहेत, त्यांनी तो सामना एका मोबाईलवर सात-आठ डोकी घालून, नेटवर्क येईल तसा बघितला. वाटलं होतं सकाळी टपरीवर सुतक असेल. कसलं काय! चहा यायच्या आत पुढच्या वर्षीचा कप आपलाच, असं ठरूनसुद्धा गेलं होतं. कारण एकच : बचाव बघा ना भाऊ, बचाव.

मंडळी, मी राजकारणावर लिहितो, रस्त्यावर लिहितो, दवाखान्यावर लिहितो. आज कबड्डीवर लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्याच भागाचा आहे.

चाहत्यांचं म्हणणं हवेतलं नाही, हे आधी सांगतो. गेल्या चार मोसमांत पलटण तीनदा अंतिम सामन्यात गेली. २०२२ मध्ये जयपूरकडून ३३-२९ नं हरली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ नं हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाली. आणि आता ही दिल्लीची हार. आकडे नीट बघा. तिन्ही सामने चार गुणांच्या आत. असे सामने बचावावर चालतात. चढाईवाला ढेपाळला तर गुण मिळत नाहीत एवढंच. बचाव ढेपाळला तर लोण चढतो आणि दहा मिनिटांत खेळ संपतो.

आता ज्यांनी कबड्डी फक्त ओरडत बघितली त्यांच्यासाठी थोडं. सात जण उभे राहतात तेव्हा दोन टोकांना दोन कॉर्नर असतात. त्यांच्या आत, मधल्या खेळाडूंच्या दोन्ही बाजूंना, दोन कव्हर. चढाईवाला बोनसला पाय टाकतो किंवा वळतो, त्या क्षणी कॉर्नर घोट्यावर झेप घेतो. ही झेप म्हणजे जुगार आहे. ती एकट्यानं जिंकता येत नाही. तगडा चढाईवाला घोटा धरलेल्या कॉर्नरला ओढत ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, हे आपण शंभरदा बघितलंय. अर्ध्या सेकंदात कव्हर येऊन कमरेवर आदळला, तर पकड. नाही आला, तर कॉर्नर बाद आणि वर शिव्या कॉर्नरलाच.

म्हणजे कॉर्नर झेपावतो तो मागचा येणार या भरवशावर. मागं वळून बघायला वेळच नसतो. हा भरवसा लिलावात मिळत नाही. पलटणच्या उजव्या बाजूला गौरव खत्री कॉर्नर आणि अबिनेश नादराजन कव्हर, ही जोडी कप जिंकला तेव्हाही होती आणि यंदाही होती. एकाचा खांदा हलला की दुसऱ्याला कळतं.

याची उलटी बाजूही पलटणनं भोगलीय. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, डावा कॉर्नर, २ कोटी ३५ लाखांना घेतला होता. त्यानं कप मिळवून दिला. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडं गेला. त्या मोसमात पलटण बाद फेरीतसुद्धा पोचली नाही. हरियाणा चॅम्पियन झाली, आणि ती फायनल कुठं झाली? पुण्यात, बालेवाडीला. पलटणच्या चाहत्यांनी आपल्याच घरात आपला जुना कॉर्नर दुसऱ्याच्या टी-शर्टात कप उचलताना बघितला. एक माणूस गेला की सगळी डावी बाजू नव्यानं शिकवावी लागते. त्यामुळं यंदा अजय ठाकूरसारख्या कोचनं (स्वतः आयुष्यभर चढाई केलेला माणूस!) बचाव परत उभा करून संघ फायनलपर्यंत नेला, याचा टपरीवरच्या पोरांना आनंद होणारच. मलाही झाला.

इथवर पलटण. आता मोलगी.

आपल्या आजूबाजूच्या पाड्यांतल्या पोरांचा एक संघ आहे. नावं लिहीत नाही, ज्यांना माहीत आहेत त्यांना माहीत आहेत. मुरमावर खेळतात. मॅट त्यांनी मोबाईलवरच बघितलीय. मुरमावर घोट्याला झेप घ्यायची म्हणजे कोपर-गुडघे सोलून घ्यायचे, तरी आपला डावा कॉर्नर घेतो. एकवीस वर्षांचा पोरगा, अंगानं काटक, पण पकड अशी की समोरच्याचा पाय चिमट्यात सापडल्यासारखा. त्याच्या शेजारचा कव्हर त्याच्याच पाड्यातला, लहानपणापासून बरोबर ढोरं चारलेला. ह्या दोघांना कुणी कोच नव्हता. पावसाळ्यात जूनपासून दसऱ्यापर्यंत ते रोज संध्याकाळी खेळतात आणि दर वर्षी दसऱ्याला टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं : यंदा आपला बचाव फोडणारा कोणी नाही.

आणि दर वर्षी दिवाळी येते.

दिवाळी झाली की आपल्याकडं काय होतं ते मोलगीवाल्याला सांगायला नको. मुकादमाचे ट्रक लागतात. भांडीकुंडी, शेळी, लहान पोरं, सगळं वर चढतं आणि ट्रक देवगोईचा घाट उतरून गुजरातला, बारडोली-सुरतकडच्या उसात. परत येणं होळीला. काठीच्या राजवाडी होळीला जी गर्दी दिसते ना, तिच्यात उसातून परतलेली माणसं किती असतात ते एकदा विचारून बघा.

कबड्डीच्या स्पर्धा कधी असतात? थंडीत. डिसेंबर-जानेवारीत. गेल्या थंडीत आपला संघ एका स्पर्धेला गेला तेव्हा सातांतले चार उसात होते. चढाईवाले दोघं इथंच होते, एक कॉलेजात, एक भावाच्या दुकानात. त्यांनी गुण आणलेसुद्धा. पण कॉर्नरला जे उभे केले होते ते झेप घ्यायचे आणि मागं कोणी यायचं नाही. त्या पोरांचाही दोष नाही, आठवडाभर आधी गोळा केलेली होती. तीन लोण चढले. मी तिथं होतो. एका नेत्यानं भाषणात आदिवासी पोरांच्या अंगात उपजत ताकद असते असं सांगितलं, टाळ्या पडल्या. अरे बाबा, ताकद उपजत असेल, साखळी उपजत नसते! चढाईला एकटा पुरतो. बचावाला तीच सात माणसं बारा महिने एका गावात लागतात, आणि आपल्याकडं ती सात महिनेच असतात.

म्हणून टपरीवरचा आशावाद ऐकला की मला मजाही वाटते आणि कसंतरीही होतं. पलटणच्या बाबतीत तो बरोबर आहे, कारण त्यांचे खेळाडू करारानं बांधलेले असतात, पगारावर असतात. आपल्या डाव्या कॉर्नरचाही करार झालाय म्हणा. मुकादमाशी. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, त्याला उचल घेतली. उसात कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको मिळून. बायको नवी, कोयता नवा, उचल डोक्यावर. तो जाणार. त्याला थांब म्हणायचा मला काय, कुणालाच अधिकार नाही. पलटणचा कॉर्नर गेला तर कोटींची बोली लागते; आपला कॉर्नर काही हजारांच्या उचलीवर ट्रकमध्ये चढतो.

प्रश्न कव्हरचा आहे. त्यानं अजून उचल घेतलेली नाही. काम मिळालं तर तो इथं राहायला तयार आहे. रोजगार हमी ह्याच महाराष्ट्रात जन्मली. २०२५-२६ मध्ये तिची मजुरी ३१२ रुपये रोज होती. कायदा असं सांगतो की लेखी काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पण आपल्याकडं मस्टर निघतं कधी? बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चात, पाडे रिकामे झाल्यावर. दिवाळीच्या आठवड्यात कामं सुरू झाली असती, तर निम्मे ट्रक अर्धे रिकामे गेले असते, असं माझं मत आहे. कोणाला चुकीचं वाटत असेल त्यांनी खाली लिहावं, पण पाड्यावर जाऊन आल्यावर.

टपरीवरच्या नारिंगी टी-शर्टवाल्यांनी यंदा एक गोष्ट केली. कव्हरसकट अकरा जणांचा कामाच्या मागणीचा अर्ज लिहिला. मी फक्त नमुना आणून दिला, अक्षर त्यांचं. सोमवारी तो दिला आणि तारखेची पोच घेतली. डाव्या कॉर्नरला सतरा वर्षांचा एक पोरगा उभा केलाय, तो झेप लवकर घेतो, कव्हर त्याला रोज थांबायला शिकवतोय.

अर्जाला पंधरा दिवसांची मुदत आहे. ट्रक बुधवारी निघतोय, आणि मुकादम काल परत एकदा कव्हरच्या घरी जाऊन आलाय.