क्लिअरकोटची शिल्लक

शोरूममध्ये नव्या गाडीचे कागद होत असतानाच सेल्समन विचारतो, ‘‘साहेब, सिरॅमिक कोटिंग पण करून घ्या, पाच वर्षं बघायला नको.’’ काही वर्षांपूर्वी याच जागी ‘टेफ्लॉन कोटिंग’ असे. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर ते बसवायला त्याहून तापलेली भट्टी लागते. मग हाताने चोळलेल्या पॉलिशमधून ते बॉनेटवर कसं बसणार, हे विचारायच्या फंदात फारसं कुणी पडत नसे. सिरॅमिक ही तशी फसवाफसवी नाही. मात्र ते काय करतं आणि काय करत नाही, हे सांगणारी बाटलीवरची भाषा अजून तितकीच सैल आहे.

या धंद्यात मुरलेला कारागीर गाडी आली की आधी बाटलीला हात लावत नाही, मीटर काढतो. रंगाची जाडी मोजणारं हे मुठीएवढं यंत्र पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो साधारण १०० ते १४० असतो. त्यात सगळं आलं : गंज रोखणारा इ-कोट, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. या क्लिअरकोटच्या वाट्याला येतात जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसाहून बारीक थरात, आणि हा थर पुन्हा वाढत नाही. जोरकस बफिंग केलं की त्यातलेच काही मायक्रॉन जातात. ऊन सोसणारी रसायनंही त्याच थरात असल्यामुळे तो पातळ झाला की काही वर्षांत छतावर, बॉनेटवर पांढुरके चट्टे दिसू लागतात, मग खपल्या निघतात. खपल्या सुटल्यावर कुठलंच कोटिंग उपयोगाचं नाही. तो भाग रंगवावाच लागतो.

मीटर आणखीही बरंच बोलतो. ‘गाडीला साधा ओरखडा नाही’ म्हणून विकत घेतलेल्या जुन्या गाडीच्या तीन दारांवर १२० आणि चौथ्यावर २५० आकडा आला, तर ते दार रंगवलेलं आहे. आकडा हजाराकडे गेला तर खाली लांबी भरलेली आहे. अशा वेळी मालकाचा चेहरा बघवत नाही. रंगवलेल्या दाराचं पुढचं गणितही वेगळं. कारखान्यात नुसता सांगाडा १४० अंशांच्या आसपास भाजून काढता येतो. गॅरेजमध्ये आख्ख्या गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असल्यामुळे ६० अंशांच्या पुढे फारसं जाता येत नाही. त्यामुळे असा रंग बहुधा मऊ राहतो आणि त्यातला थिनर उडून जायला काही आठवडे लागतात. तोवर वरून कोटिंगचं झाकण लावू नये. ‘आज रंग, उद्या सिरॅमिक’ म्हणणाऱ्या दुकानातून गाडी परत आणलेली बरी.

बफिंगने क्लिअरकोट झिजतो, तरी गाडी एवढी घासायची सवय आपल्याला लागली कुठून? बहुधा जुन्या गाड्यांमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर वेगळा क्लिअरकोट नव्हता, रंग हाच वरचा थर. तो उन्हाने विटला की रबिंग कंपाउंड लावून फडक्याने घासायचं, फडकं रंगाचं व्हायचं आणि खालून ताजा रंग वर यायचा. त्या काळच्या डेंटर-पेंटरचं ते ज्ञान बरोबरच होतं. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. घासायची रीत मात्र मागे राहिली. कोटिंगच्या पॅकेजमध्ये ‘दर वर्षी पॉलिश फुकट’ असं लिहिलेलं दिसलं की जाणत्याला धडकी भरते. गाडी पुन्हा पुन्हा घासावी लागू नये म्हणून तर कोटिंग करायचं.

कोटिंग लावणं हा कामातला सर्वांत छोटा भाग. आधी धुणं, मग ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन. ते मारलं की पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागतात आणि गाडी स्वच्छ आहे म्हणणारा मालक गप्प होतो. उरलंसुरलं क्लेने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ गोळ्याने, ओढून काढायचं. मग गरजेपुरतं पॉलिश. इथे कारागिराची खरी परीक्षा. प्रत्येक ओरखडा घालवायचा हट्ट धरला तर क्लिअरकोट संपतो. नखाला अडकणारी खोल रेघ राहू द्यायची आणि तसं मालकाला तोंडावर सांगायचं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसायचा, नाहीतर कोटिंग पॉलिशच्या तेलावर बसतं, रंगावर नाही.

बाटली उघडल्यावर घाई असते ती मिनिटांची. हातभर जागेत द्रव आडवा-उभा पसरायचा, त्यावर इंद्रधनुषी झाक आली की कोरड्या मायक्रोफायबरने सारखा करायचा. उशीर झाला तर तिथे गडद डाग वाळून बसतो आणि तो काढायला पुन्हा पॉलिश. वैशाखातल्या तापलेल्या बॉनेटवर आणि आषाढातल्या दमट हवेत ही वेळ वेगळी येते. बाटलीवर छापलेली मिनिटं तिथे चालत नाहीत, डोळा लागतो.

एवढं करून बसलेला थर साधारण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याच्या जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्या-माणकांच्या मापपट्टीशी त्याचा संबंध नाही. किल्लीने मारलेली रेघ त्याने थांबत नाही, खडीही थांबत नाही. धूळ कमी चिकटते, चिखल सहज निघतो, पक्ष्याच्या विष्ठेतलं आम्ल रंगापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. हे कमी नाही. पण पुण्याच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं जड पाणी येतं. ते उन्हात गाडीवर वाळलं तर क्षारांचे गोल डाग सिरॅमिकवरही पडतात.

खडीवर उपाय एकच, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवण्यासाठी पॉलियुरेथेनचा असा पट्टा वापरला गेला, तिथून ती गाड्यांवर आली. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जास्त. चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उबेने भरून येतात. स्वस्त पीव्हीसीची फिल्म पिवळी पडते. रोज द्रुतगती मार्गाने मुंबई गाठणाऱ्याने पुढचा बंपर, बॉनेट आणि आरसे तेवढे झाकले तरी पुरे. आख्खी गाडी गुंडाळायचा आग्रह कारागिरापेक्षा गल्ल्याचा जास्त असतो. आणि गॅरेजात रंगवलेल्या भागावर फिल्म लावण्याआधी मालकाला सांगायचं, की काढताना तिच्याबरोबर रंगही निघू शकतो.

रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीची दुखणी खालून सुरू होतात. खारी हवा आणि चाकांच्या कमानीत साचून राहणारा लाल चिखल पत्र्याच्या जोडांत शिरतो. तिथे बॉनेटवर खर्च करण्याआधी गाडी जॅकवर चढवून खालून बघावी, गंजरोधक लेप लावावा आणि पाऊस संपल्यावर खालची बाजू धुवावी.

आता शहरातल्या सर्वांत मोठ्या शत्रूबद्दल. पहाटे साडेपाचला एक बादली आणि एक फडकं घेऊन सोसायटीतल्या दहा गाड्या पुसणारा मुलगा. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर पोचते आणि सूर्य चढला की काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. दोष त्याचा नाही. गाडी धुळकट दिसली की मालक महिन्याचे पैसे कापतात, म्हणून तो रोज पुसतो. कोटिंग झालेली गाडी ताब्यात देताना कारागीर दोन मायक्रोफायबर कपडे जास्तीचे देतो आणि मालकाला म्हणतो, ‘‘त्याला सांगा, रोज पुसू नकोस, आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी मारून धू, पैसे तेवढेच देतो.’’ काही हजारांचं बिल मुकाट्याने भरणारे बरेच मालक नेमके या शेवटच्या अटीवर घासाघीस सुरू करतात.