नववे गाणे

हिंगोलीत बसून हेवी मेटलविषयी लिहावे लागेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. औंढा नागनाथ आणि नर्सी, दोन्ही ठिकाणे जवळची. त्यामुळे आमच्या लेखी संगीत म्हणजे टाळ-मृदंग, फार तर गोंधळ्यांचे संबळ. मेटल म्हणजे पोरांच्या काळ्या बनियनवरची कवटी, एवढीच आमची समज.

गेल्या वर्षी एम. ए. च्या वर्गात अवतारकल्पना शिकवीत होतो. कोकणातल्या दशावतारी खेळांचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने सांगितले, "सर, दशावतारावर मेटलचा अल्बम आहे." मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा २०१७ सालचा 'दशावतार'. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमाने. गाणी इंग्रजीत.

कुतूहलापोटी आम्ही बँडचे आधीचे अल्बमही ऐकले : २००५चा 'अ डार्कनेस डिसेंड्स', २०१०चा 'द रिटर्न टू डार्कनेस', २०१४चा 'द डीमन किंग'. अंधार, सैतान, कीबोर्डवर उभारलेला युरोपीय भव्यतेचा पडदा. आवाजाचे दोन पदर : एक घशाच्या तळातून खरवडून काढलेला, दुसरा स्वच्छ, गायला जाणारा. ड्रमवर दोन्ही पायांचा अखंड मारा. पहिल्यांदा डोके दुखले, हे कबूल करायला हवे. तिसऱ्यांदा मात्र त्या गदारोळात रचना दिसू लागली. 'दशावतार'मध्ये हाच आराखडा कायम आहे, पण त्यात भारतीय वाद्ये येतात आणि पडद्यावरचे चित्र बदलते. आम्ही हरखलो. नेमाड्यांचा देशीवाद वर्षानुवर्षे शिकवलेला. त्यामुळे 'परकी शैली अखेर घरी परतली' हे वाक्य आमच्या तोंडून सहज निघाले आणि फळ्यावरही गेले.

त्याच वर्गातली एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिने विचारले, "सर, नववे गाणे कोणावर आहे?"

नववे गाणे बुद्धावर आहे. शीर्षकात त्याला 'शिक्षक' म्हटले आहे.

"आमच्या घरी हे गाणे लागणार नाही," ती शांतपणे म्हणाली आणि बसली.

आम्ही गप्प झालो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी हीच : बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मानणार नाही. मराठवाड्यात शिकवणाऱ्याला हे माहीत नसते असे नाही. फक्त फळ्यावर 'घर' लिहिताना ते आठवले नाही. कोणाचे घर, हा प्रश्न आमच्या देशीवादाच्या टिपणांत कुठेच नव्हता. खरे तर संतकाव्यातही ही जागा सरळ नाही. संतांनी विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हटले, आणि दशावताराच्या मराठी चित्रांत नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल उभा असतो. म्हणजे यादी ठरलेली, आणि नववे आसन मात्र वादाचे.

बँडला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी प्रचलित यादी घेतली. नादाच्या अंगाने त्यांची झेप खरी आहे. पण अल्बम पुन्हा ऐकताना आमचे मत थोडे उतरले. देशी वाद्ये आली तरी गाण्याचा कणा गिटार आणि ड्रमचाच राहतो. वळण आहे, पण आम्ही फळ्यावर लिहिले तितके पूर्ण नाही. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळच फिरले अशी कथा आपल्याकडे सांगतात. त्या कथेत आधी नामदेवांना समोरून हटवले गेले होते, हा भाग आम्ही शिकवताना नेहमी घाईने उरकत आलो. असो.

यंदा अवतारकल्पनेचा तास आला, तेव्हा आम्ही नवव्या गाण्यापासून सुरुवात केली. वाद इतका रंगला की घंटा होऊन गेली, आणि दहावे लावायचे राहूनच गेले.