चिट्टीचं उत्तर

'ज्युरासिक पार्क' १९९४ साली हिंदी बोलत आला आणि नागपूरच्या आमच्या महाल भागातली सगळी पोरं डायनासोर पाहायला टॉकीजकडे धावली. तेव्हापासून विज्ञानपट लागला की मी जातोच. टॉकीज जाऊन मल्टिप्लेक्स आले, ओढ तशीच राहिली.

यातला मनात राहून गेलेला म्हणजे शंकरचा 'रोबोट', २०१०चा. लक्षात आहे तो त्याचा शेवट. २०३० सालच्या संग्रहालयात चिट्टी या यंत्रमानवाचे सुटे भाग मांडून ठेवलेत. सहलीला आलेली एक मुलगी विचारते, याला का मोडलं? तो विचार करू लागला म्हणून, असं उत्तर मिळतं. त्या उत्तरापाशी मी कितीतरी दिवस थांबलो होतो.

म्हणून २९ नोव्हेंबर २०१८ला त्याचा पुढचा भाग '२.०' आला, तेव्हा मला त्या उत्तराच्या पुढचं ऐकायचं होतं. पाचशे कोटींच्या वर खर्च झाल्याचं वाचलं होतं, आणि तो पडद्यावर दिसतो. चित्रपट थेट थ्रीडीत चित्रित केलाय; त्यात मोबाइल लोकांच्या हातांतून सुटून आभाळात जातात, त्यांचा अजस्र पक्षी होतो, तेव्हा मी अगदी लहान मुलासारखा रमलो. पण चिट्टी? तो नुसता लढतो. विचार करू लागलेलं यंत्र आठ वर्षांनी परत आणलं आणि त्याला एकही नवा विचार दिला नाही, हे मला फार लागलं.

मन भरून आलं ते पक्षीराजनमुळे. अक्षयकुमारचा हा म्हातारा पक्षितज्ज्ञ सलीम अलींची आठवण देतो. नागपूरकराला आणखी एक नाव आठवतं, मारुती चितमपल्लींचं. सोलापूरचे, वनखात्यात नोकरी केलेले, पुढे कितीतरी वर्षं आमच्या नागपुरात राहिलेले. 'पक्षिकोश' लिहिणारा हा माणूस २०२५ साली गेला. पाखरांसाठी दारोदार विनवण्या करत फिरणारा, शेवटी मोबाइलच्या टॉवरवर गळफास घेणारा पक्षीराजन पाहताना घशाशी आवंढा आला. अशा माणसाचा पुढे राक्षस करून टाकलाय, ते मात्र मला पटलं नाही.

विज्ञानही इथेच घसरलं. टॉवरच्या लहरींनी चिमण्या मरतात असं चित्रपट सांगतो, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही. २०१२ साली सरकारने लहरींची मर्यादा एकदशांशावर आणली, ती खबरदारी म्हणून. महालातली कवेलूची घरं गेली, स्लॅब पडले, घरट्याच्या सांदी बुजल्या. अंगणात धान्य पाखडणं थांबलं. पिल्लांना अळ्या-किडे लागतात, तेही फवारणीने कमी झाले. चिमण्यांचं जग हे असं आपल्याच घरातून आटत गेलं.

तरी पक्षीराजनच्या पूर्वायुष्याचा भाग मुलांना जरूर दाखवा, आणि चिमण्या का कमी झाल्या ते घरी आल्यावर त्यांना नीट सांगा.