दिवे मालवल्यावर

जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची ‘ॲरबी’ ही गोष्ट १९१४ सालीं ‘डब्लिनर्स’ या संग्रहांत प्रसिद्ध झाली. आम्ही ती पुष्कळदां वाचली आहे. परंतु दर वेळीं शेवटच्या ओळींपाशीं मन थबकतें.

कथानक अगदीं साधें. एक मुलगा मित्राच्या बहिणीवर मनांतल्या मनांत लुब्ध होतो व तिच्यासाठीं बाजारांतून कांहीं तरी आणण्याचें कबूल करतो. ज्यांच्या घरीं तो राहतो ते काका नेमके त्या रात्रीं नऊ वाजतां घरीं येतात. पैसे द्यावयाचे आहेत हें ते विसरलेले असतात. मुलगा पोंचतो तों बहुतेक दुकानें मिटलेलीं. दिवे मालवले जातात, तो रिकाम्या हातीं उभा राहतो, आणि त्याचे डोळे दुःखानें व संतापानें जळूं लागतात.

हा संताप काकांवर नव्हे. स्वतःच्या भाबडेपणावर आहे. बाळपण संपतें तें असें, घरांत कोणाला न कळतां! लेखकहि सांत्वनाचें अक्षर न लिहितां तेथेंच थांबतो.

आमच्या घरीं सध्यां एक मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयांत आहे. एखाद्या रात्रीं तो मुकाट्यानें पानावर येऊन बसतो. विचारलें तर ‘कांहीं नाहीं’ म्हणतो. उपदेश ओठांवर येतो, पण आम्ही तो आवरतों. आपण दिलेला शब्द विसरूं नये आणि उशिरां येणाऱ्यासाठीं दिवा ठेवावा, एवढेंच वडीलधाऱ्यांच्या हातीं असतें.